घरून काम आणि निवासस्थानाची निवड

*या लेखातील महाळुंगे हे पुणे जिल्ह्याच्या मुळशी तालुक्यातील, बालेवाडीलगतचे गाव आहे. खेड तालुक्यातील चाकणजवळच्या महाळुंगे या औद्योगिक गावाशी त्याची गल्लत करू नये.*

घरून काम आणि निवासस्थानाची निवड हा नागरी अर्थशास्त्र, वाहतूक नियोजन आणि समाजशास्त्र या तीन विद्याशाखांच्या सीमेवरील अभ्यासविषय आहे. नोकरीचे ठिकाण आणि राहते घर यांच्यातील रोजची ये-जा कमी झाली किंवा संपली, तर माणसे कोठे आणि कशा प्रकारच्या घरात राहणे पसंत करतात, हा या विषयाचा मुख्य प्रश्न होय. कोव्हिड-१९ च्या महासाथीत २०२० पासून माहिती तंत्रज्ञान, वित्त, शिक्षण आदी क्षेत्रांतील काम मोठ्या प्रमाणावर घरून होऊ लागल्याने या प्रश्नाला व्यावहारिक महत्त्व आले.

महाराष्ट्रात या बदलाचे ठळक उदाहरण म्हणजे पुण्याच्या पश्चिमेकडील महाळुंगे, बालेवाडी, वाकड, हिंजवडी, माण आणि मारुंजी हा पट्टा. या पट्ट्याची नागरी वाढ मुख्यतः हिंजवडीच्या राजीव गांधी माहिती तंत्रज्ञान उद्यानातील कार्यालयांच्या सान्निध्यामुळे झाली. त्यामुळे कार्यालयात जाणे ऐच्छिक किंवा अंशतः ऐच्छिक झाल्यावर या सान्निध्याचे मूल्य किती उरते, हा प्रश्न येथील रहिवासी, जमीनमालक आणि नियोजन संस्था या सर्वांशी निगडित आहे.

## संज्ञा

मराठीत या कार्यपद्धतीसाठी ‘घरून काम’, ‘दूरस्थ काम’ आणि बोलीभाषेत ‘वर्क फ्रॉम होम’ असे शब्द वापरले जातात. त्यांच्या अर्थछटांत फरक आहे.

* पूर्णवेळ घरून काम : कर्मचारी कार्यालयात नियमितपणे जात नाही. घराची निवड कार्यालयाच्या अंतरापासून जवळजवळ मुक्त होते.
* संमिश्र पद्धत : आठवड्यातील किंवा महिन्यातील काही ठरावीक दिवस कार्यालयात हजर राहावे लागते. अंतराचे बंधन सैल होते, पण सुटत नाही.
* घरगुती उत्पादन : विडी वळणे, शिवणकाम, हातमाग, पापड लाटणे यांसारखी कामे. यांत घर हेच कारखान्याचे विस्तारित अंग असते आणि मोबदला बहुधा नगावर मिळतो.

‘टेलिकम्युटिंग’ ही संज्ञा अमेरिकी अभियंते जॅक नाइल्स यांनी १९७३ मध्ये रूढ केली. खनिज तेलाच्या टंचाईच्या त्या काळात कर्मचाऱ्याला कामाकडे नेण्याऐवजी काम कर्मचाऱ्याकडे नेता येईल, ही त्यामागील कल्पना होती. ऍल्विन टॉफ्लर यांनी १९८० मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘द थर्ड वेव्ह’ या ग्रंथात संगणकाने जोडलेल्या घरांतून चालणाऱ्या अर्थव्यवस्थेचे भाकीत केले होते.

## पूर्वपीठिका

घर आणि कामाचे ठिकाण वेगळे असणे ही तुलनेने अलीकडची व्यवस्था आहे. महाराष्ट्रातील जुन्या शहरांत व्यवसाय आणि वस्ती यांची जागा बहुधा एकच असे. पुण्याच्या कसबा पेठेतील तांबट आळी हे त्याचे आजही दिसणारे उदाहरण होय. येथील कारागीर तांब्या-पितळेची भांडी घराच्या तळमजल्यावर किंवा अंगणालगत घडवत आणि त्याच वास्तूत राहत. अशा वस्तीत निवासाची निवड व्यवसायाने, व्यवसायाची निवड जातीने आणि कुळाने ठरत असे. अंतर हा स्वतंत्र घटक नव्हता.

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात मुंबईतील कापडगिरण्यांनी ही जोडणी तोडली. गिरणीच्या भोंग्यावर पोहोचता यावे म्हणून कामगारांनी गिरणगावातील चाळींत दाटीने राहणे स्वीकारले. विसाव्या शतकात उपनगरी रेल्वेमुळे घर आणि काम यांतील अंतर वाढले. पुण्यात मात्र त्या तोडीची रेल्वेसेवा नव्हती. दुचाकी, कंपनीची बस आणि सार्वजनिक बस यांवर येथील ये-जा आधारलेली राहिली.

घरून कामाचा दुसरा, अखंड चालत आलेला प्रवाह असंघटित क्षेत्रात आहे. सोलापुरात हजारो स्त्रिया तेंदूपाने आणि तंबाखू कारखान्याच्या शाखेतून घरी आणून विड्या वळतात आणि तयार माल पुन्हा शाखेत जमा करतात. त्यांच्यासाठी शहरालगतच्या कुंभारी येथे गोदूताई परुळेकर यांच्या नावाने १०,००० घरांची वसाहत उभारण्यात आली. तिचे हस्तांतरण २००६ मध्ये झाले. त्याच परिसरात असंघटित कामगारांसाठी ३०,००० घरांचा रे नगर प्रकल्प पुढे हाती घेण्यात आला. त्यातील १५,००० घरांचा ताबा १९ जानेवारी २०२४ रोजी देण्यात आला.

विडी कामगाराच्या दृष्टीने घराची जागा ठरवताना कारखान्याची शाखा पायी किंवा स्वस्त वाहनाने गाठता येणे, पान भिजवायला पाणी मिळणे आणि बसून काम करायला उजेडाची, कोरडी जागा असणे हे मुद्दे निर्णायक ठरतात. संगणकावर काम करणाऱ्या कर्मचाऱ्यासाठी इंटरनेट, वीज आणि शांत खोली यांचे जे स्थान आहे, तेच येथे शाखा, पाणी आणि उजेड यांचे आहे.

## सैद्धांतिक चौकट

### बोली-भाडे सिद्धांत

बाजारपेठेपासूनच्या अंतरानुसार जमिनीचा वापर आणि भाडे बदलते, हे सूत्र योहान हाइनरिख फॉन थ्यूनेन यांनी १८२६ मध्ये शेतजमिनीच्या संदर्भात मांडले. विल्यम अलॉन्सो यांनी १९६४ मध्ये ते शहराला लावले. एडविन मिल्स आणि रिचर्ड मुथ यांनी त्याच दशकात त्याचा विस्तार केला. या प्रतिमानात रोजगार शहराच्या केंद्रात एकवटलेला असतो. केंद्रापासून दूर गेल्यास प्रवासखर्च वाढतो आणि घराचा दर कमी होतो. कुटुंब या दोहोंचा तोल साधून आपली जागा ठरवते.

कार्यालयात जाण्याच्या फेऱ्या कमी झाल्या, तर दर किलोमीटर अंतराची किंमत कमी होते. त्यामुळे केंद्राजवळच्या घरांची मागणी घटून बाहेरच्या भागातील घरांची मागणी वाढेल आणि अंतरानुसार दर घसरण्याचा उतार सपाट होईल, असे हा सिद्धांत सांगतो. घर हेच कार्यालय झाल्याने प्रत्येक कुटुंबाला अधिक जागाही हवी असते. हे दोन परिणाम एकाच दिशेने, म्हणजे बाहेरच्या आणि मोठ्या घरांकडे ढकलतात.

### प्रवासवेळेचा हिशेब

माणसे प्रवासासाठी दिवसाचा साधारण स्थिर वेळ देतात, असे निरीक्षण याकोव्ह झहावी यांनी नोंदवले. चेझारे मार्केटी यांनी १९९४ मध्ये ते सुमारे एक तास रोज या स्वरूपात प्रसिद्ध केले. हा वेळ दिवसाऐवजी आठवड्याच्या हिशेबाने पाहिल्यास संमिश्र पद्धतीचा परिणाम स्पष्ट होतो. आठवड्यातून पाच दिवस जाताना एक तास आणि येताना एक तास प्रवास करणारा कर्मचारी आठवड्याला दहा तास खर्च करतो. त्याला दोनच दिवस जावे लागले, तर तेवढ्याच दहा तासांत एका बाजूचा प्रवास अडीच तासांचा असू शकतो. पिंपळे सौदागर किंवा कोथरूड येथे राहणाऱ्याला या हिशेबाने तळेगाव दाभाडे, लोणावळा, अगदी सातारासुद्धा आवाक्यात येते. पंधरवड्यातून एकदाच जायचे असेल, तर कोल्हापूर, सोलापूर किंवा नाशिक येथून रात्रीच्या बसने येणेही शक्य होते.

वाहतूक अभ्यासात याला प्रतिक्षेप परिणाम म्हणतात. फेऱ्यांची संख्या घटते, पण प्रत्येक फेरीचे अंतर वाढते. त्यामुळे घरून कामामुळे एकूण प्रवास, इंधन आणि प्रदूषण ज्या प्रमाणात कमी व्हावे, त्या प्रमाणात ते होतेच असे नाही.

### विवर परिणाम

अमेरिकेतील मोठ्या शहरांत २०२० नंतर केंद्रातील लोकवस्ती आणि घरभाडे घटून ती मागणी त्याच महानगराच्या उपनगरांकडे वळल्याचे अर्जुन रमाणी आणि निकोलस ब्लूम यांनी २०२१ मध्ये दाखवून दिले. मध्यभागी पोकळी असलेल्या मेदूवड्यासारख्या या आकृतिबंधाला त्यांनी डोनटचे नाव दिले. बहुसंख्य लोक दूरच्या गावी न जाता महानगराच्या कडेला सरकले, हा त्या अभ्यासाचा महत्त्वाचा निष्कर्ष होता. आठवड्यातून दोन-तीन दिवस कार्यालयात जावे लागणे हे त्याचे मुख्य कारण मानले जाते.

## महाळुंगे–हिंजवडी पट्टा

### स्थान

महाळुंगे (म्हाळुंगे असेही लिहिले जाते) हे मुळा नदीच्या काठी, मुंबई–बंगळूर महामार्गाच्या पश्चिमेस वसलेले गाव आहे. पूर्वेस बालेवाडी आणि बाणेर, दक्षिणेस सूस, तर नदीपलीकडे वाकड आणि हिंजवडी हे भाग येतात. १९९४ च्या राष्ट्रीय क्रीडा स्पर्धांसाठी येथे श्री शिवछत्रपती क्रीडासंकुल उभारण्यात आले. संकुलाचा उल्लेख ‘म्हाळुंगे-बालेवाडी’ असा जोडनावाने केला जातो. २००८ मध्ये याच संकुलात राष्ट्रकुल युवा क्रीडा स्पर्धा झाल्या.

बाणेर आणि बालेवाडी १९९७ मध्ये पुणे महानगरपालिकेत समाविष्ट झाले. महाळुंगे मात्र पुढे जवळजवळ पाव शतक ग्रामपंचायतीच्या अखत्यारीत राहिले. ३० जून २०२१ च्या अधिसूचनेने जी २३ गावे महापालिकेत आली, त्यांत महाळुंगे आणि सूस यांचा समावेश होता.

### कार्यालयांच्या ओढीने वाढ

महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाने १९९० च्या दशकाच्या अखेरीस हिंजवडी येथे माहिती तंत्रज्ञान उद्यानाची उभारणी सुरू केली. त्याचे पुढील टप्पे माण आणि मारुंजीच्या हद्दीत पसरले. इन्फोसिस, विप्रो, टाटा कन्सल्टन्सी सर्व्हिसेस, कॉग्निझंट आदी कंपन्यांची मोठी संकुले येथे आहेत. विशेष आर्थिक क्षेत्र अधिनियम, २००५ नंतर यांतील काही संकुले विशेष आर्थिक क्षेत्रे झाली.

उद्यान उभे राहिले, पण त्याच्यालगत पुरेशी घरे, शाळा आणि रस्ते एकाच वेळी आले नाहीत. महामार्ग ओलांडून उद्यानात जाणारे मार्ग मोजके असल्याने सकाळी आणि संध्याकाळी मोठी कोंडी होऊ लागली. त्यामुळे घर घेताना ‘ऑफिसपासून किती सिग्नल’ हा निकष महत्त्वाचा ठरला. वाकड, बालेवाडी आणि बाणेर महाग झाल्यावर ही मागणी महाळुंगे, सूस, माण आणि मारुंजी या गावांकडे सरकली. भातखाचरे आणि गायराने असलेल्या गावांत बहुमजली गृहसंकुले उभी राहिली. गावठाणात स्थानिकांनी तरुण कर्मचाऱ्यांसाठी भाड्याच्या खोल्या, वसतिगृहे आणि खानावळी काढल्या.

कोंडीवर उपाय म्हणून पुणे महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाने (स्थापना २०१५) माण-हिंजवडी ते शिवाजीनगर हा २३.३ किमी लांबीचा, २३ स्थानकांचा मेट्रो मार्ग ३ सार्वजनिक-खासगी भागीदारीतून हाती घेतला. त्याची पायाभरणी १८ डिसेंबर २०१८ रोजी झाली. मार्गावरील बालेवाडी स्टेडियम हे स्थानक महाळुंग्याच्या सर्वांत निकटच्या स्थानकांपैकी आहे.

### ‘चालत कामाला’ ही कल्पना

घरून कामाचा प्रसार होण्यापूर्वी ये-जा टाळण्याचा प्रयत्न वेगळ्या मार्गाने झाला. कार्यालय आणि घर एकाच वसाहतीत असावे, ही कल्पना हडपसरजवळच्या मगरपट्टा सिटीने पुण्यात रुजवली. सुमारे १२० शेतकरी कुटुंबांनी आपली ४०० एकरांच्या आसपास जमीन एकत्र करून ती वसाहत विकसित केली. राज्याच्या विशेष नगर वसाहत धोरणानुसार हिंजवडी परिसरातही एकात्मिक वसाहती झाल्या.

महाळुंगे आणि माण यांच्या हद्दीतील सुमारे २५० हेक्टर क्षेत्रावर प्राधिकरणाने नगररचना योजना आखली. महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम, १९६६ नुसार अशा योजनेत भूसंपादन न करता जमिनी एकत्र केल्या जातात. रस्ते, उद्याने आणि सार्वजनिक सुविधांसाठी जागा काढून उरलेली जमीन पुनर्रचित भूखंडांच्या रूपाने मूळ मालकांना परत मिळते. कार्यालयांच्या शेजारी नियोजित वस्ती असावी, हे या योजनेमागील गृहीतक होते. काही वर्षांतच घरून कामाने त्याच गृहीतकापुढे प्रश्नचिन्ह उभे केले.

## २०२० नंतरचे बदल

### टाळेबंदी आणि गावाकडे परतणे

महाराष्ट्रातील कोव्हिड-१९ चे पहिले रुग्ण ९ मार्च २०२० रोजी पुण्यात आढळले. २५ मार्चपासून देशव्यापी टाळेबंदी सुरू झाली. हिंजवडीतील कंपन्यांनी संगणक कर्मचाऱ्यांच्या घरी पोहोचवून काम सुरू ठेवले. ज्या संस्थांना दूरसंचार विभागाच्या ‘अन्य सेवा प्रदाता’ नियमांमुळे घरून काम देणे अवघड होते, त्यांच्यासाठी हे नियम मार्च २०२० मध्ये तात्पुरते शिथिल करण्यात आले. ५ नोव्हेंबर २०२० च्या नव्या मार्गदर्शक तत्त्वांनी ‘घरून’ आणि ‘कोठूनही’ काम करण्यास कायमची मुभा दिली.

भाड्याने राहणारे अनेक कर्मचारी काही महिन्यांत आपल्या गावी परतले. कोल्हापूर, सांगली, सातारा, लातूर, जळगाव, अमरावती अशा जिल्ह्यांतील मुले आईवडिलांच्या घरातून काम करू लागली. विवाहित जोडप्यांना मुलांच्या संगोपनात आजी-आजोबांची मदत मिळाली. याउलट महाळुंगे, हिंजवडी आणि वाकड परिसरातील खोल्या व वसतिगृहे रिकामी झाली. खानावळी, चहाच्या टपऱ्या, कंपन्यांना गाड्या पुरवणारे चालक, उपाहारगृहांतील आणि सफाईचे कामगार यांचे उत्पन्न थांबले. गावठाणात कर्ज काढून खोल्या बांधलेल्या स्थानिक कुटुंबांनाही याची झळ बसली.

### घरखरेदीची लाट

भाड्याची मागणी घटली असतानाच मालकीच्या घरांची मागणी मात्र वाढली. त्यामागे तीन कारणे एकत्र आली.

1. भारतीय रिझर्व्ह बँकेने मे २०२० मध्ये रेपो दर ४ टक्क्यांवर आणला आणि तो मे २०२२ पर्यंत तेथेच राहिला. त्यामुळे गृहकर्ज स्वस्त झाले.
2. राज्य शासनाने मुद्रांक शुल्कात १ सप्टेंबर ते ३१ डिसेंबर २०२० या काळात ३ टक्क्यांची, तर १ जानेवारी ते ३१ मार्च २०२१ या काळात २ टक्क्यांची सूट दिली.
3. एकाच घरात दोन नोकऱ्या आणि मुलांची ऑनलाइन शाळा चालवताना लहान सदनिकेची अडचण प्रकर्षाने जाणवली.

परिणामी एका शयनकक्षाच्या घरातून दोन, दोनवरून तीन शयनकक्षांच्या घराकडे जाण्याचा कल दिसला. विकासकांनी अभ्यासिकेसाठी अर्धी खोली असलेले ‘अडीच बीएचके’ नकाशे पुढे आणले. बाणेर-बालेवाडीत ज्या किमतीत दोन शयनकक्ष मिळत, त्या किमतीत थोडे पुढे मोठे घर मिळते, हे महाळुंगे आणि माणसारख्या गावांचे आकर्षण ठरले. कार्यालयाचे सान्निध्य हे या गावांच्या विक्रीचे एकमेव कारण राहिले नाही. जागा, टेकडीचे सान्निध्य आणि संकुलातील सुविधा यांना वजन आले. मुळशी धरण, पौड आणि ताम्हिणीच्या दिशेला दुसरे घर किंवा शेतघर घेण्याकडेही सधन वर्गाचा ओढा वाढला.

### कार्यालयाकडे परतणे

टाटा कन्सल्टन्सी सर्व्हिसेसने २०२० मध्ये असे जाहीर केले होते की, २०२५ पर्यंत कोणत्याही एका वेळी २५ टक्क्यांहून अधिक कर्मचाऱ्यांनी कार्यालयात असण्याची गरज उरणार नाही. प्रत्यक्षात त्याच कंपनीने ऑक्टोबर २०२३ पासून कर्मचाऱ्यांना आठवड्याचे पाचही दिवस कार्यालयात येण्यास सांगितले. इन्फोसिसने अनेक कर्मचाऱ्यांसाठी महिन्याला दहा दिवसांची उपस्थिती ठरवली.

विशेष आर्थिक क्षेत्रांतील कंपन्यांबाबत करसवलतींमुळे स्वतंत्र नियम आवश्यक होता. केंद्र शासनाने जुलै २०२२ मध्ये विशेष आर्थिक क्षेत्र नियमांत ४३अ हा नियम घालून ५० टक्क्यांपर्यंत कर्मचाऱ्यांना घरून कामाची मुभा दिली. डिसेंबर २०२२ मध्ये ही मर्यादा १०० टक्क्यांपर्यंत वाढवण्यात आली. ही सवलत मुदतबंद असून तिला पुढे मुदतवाढ मिळत गेली. दर वेळी मुदत संपत आली की गावी राहणाऱ्या कर्मचाऱ्यापुढे घर बदलायचे की नोकरी, हा प्रश्न नव्याने उभा राहत असे.

कार्यालये भरू लागताच २०२२ पासून पश्चिम पुण्यातील घरभाडी वेगाने चढली. गावी परतलेल्यांना सोडलेल्या भाड्यात पुन्हा घर मिळेनासे झाले. ज्यांनी त्या काळात दूर घर विकत घेतले, त्यांना दीर्घ प्रवास पत्करावा लागला. भाड्याचे घर बदलता येते, पण वीस वर्षांच्या कर्जावर घेतलेले घर कंपनीच्या धोरणाबरोबर बदलता येत नाही, ही या काळाने पुढे आणलेली मुख्य विसंगती होय.

## निवड ठरवणारे घटक

### घराची रचना

घरून कामासाठी दार बंद करता येईल अशी खोली, उजेड, आवाजापासून आडोसा आणि उन्हाळ्यात सुसह्य तापमान लागते. संयुक्त कुटुंबाच्या घरात बैठकीची खोली ही पाहुण्यांची, दूरदर्शनची आणि देवघराचीही जागा असते. त्यामुळे घराचे क्षेत्रफळ मोठे असूनही कामाची स्वतंत्र जागा असतेच असे नाही.

### वीज आणि इंटरनेट

२०१६ नंतर चौथ्या पिढीचे मोबाइल जाळे तालुक्याच्या गावांपर्यंत पोहोचले. घरोघरीच्या ऑप्टिकल फायबर जोडण्या मात्र शहरांत आणि मोठ्या गावांतच एकवटल्या. विजेचा खंड हा त्याहून मोठा अडसर ठरतो. पावसाळ्यात मुळशी, भोर किंवा कोकणपट्टीत तारा तुटल्यास पुरवठा सुरळीत व्हायला वेळ लागतो. गृहसंकुलातील जनित्र ही सोय त्यामुळे गावातील स्वतंत्र घरापेक्षा शहराच्या कडेच्या सदनिकेला अनुकूल ठरते.

### पाणी

महाळुंगे, सूस, बालेवाडी आणि बाणेर परिसरातील अनेक गृहसंकुले टँकरच्या पाण्यावर विसंबून आहेत. दिवसभर घर रिकामे असताना पाण्याचा वापर कमी असतो. सर्व माणसे घरी राहू लागल्यावर हा वापर वाढतो आणि टँकरचा खर्च मासिक देखभाल शुल्कात उतरतो. स्वस्त म्हणून निवडलेले घर या खर्चामुळे प्रत्यक्षात महाग पडू शकते.

### कुटुंब, शाळा आणि आरोग्यसेवा

नोकरी कोठूनही करता आली, तरी मुलांची शाळा एका जागी असते. जोडप्यातील एकालाच घरून कामाची मुभा असेल, तर घराची जागा दुसऱ्याच्या नोकरीवरून ठरते. वृद्ध आईवडिलांची देखभाल हा गावाकडे खेचणारा, तर विशेषज्ञ डॉक्टर आणि रुग्णालये हा शहरात थोपवणारा घटक आहे. शेतीची कामे आणि नोकरी एकाच वेळी सांभाळता येणे, हेही काही कुटुंबांसाठी गावी राहण्याचे कारण ठरले.

### वेतन आणि कर

घरभाडे भत्त्यावरील आयकर सवलत प्रत्यक्ष भाडे भरल्यासच मिळते. स्वतःच्या किंवा भाडे न घेणाऱ्या आईवडिलांच्या घरात राहणाऱ्याला ती मिळत नाही. तरीही भाडे, जेवण आणि प्रवास यांवरील बचत या सवलतीहून बहुधा अधिक असते. शहरानुसार वेतन ठरवणाऱ्या कंपन्यांत गावी राहिल्यास पगार कमी होण्याची शक्यता असते.

## सामाजिक परिणाम

घरून कामामुळे निवासाची निवड सर्वांना सारखी खुली होत नाही. जोनाथन डिंगेल आणि ब्रेंट नायमन यांच्या २०२० मधील अभ्यासानुसार अमेरिकेतही सुमारे ३७ टक्केच नोकऱ्या पूर्णपणे घरून करता येण्याजोग्या होत्या. कमी उत्पन्नाच्या देशांत हे प्रमाण आणखी कमी असल्याचे त्यांनी दाखवले. महाळुंग्यातील गृहसंकुलात घरून काम करणारा अभियंता आणि त्याच संकुलात येणारी घरकामगार, सुरक्षारक्षक किंवा सामान पोहोचवणारा यांच्यात हा भेद स्पष्ट दिसतो. पहिला दूर सरकू शकतो. दुसऱ्याला संकुलाच्या जवळच राहावे लागते, आणि वस्ती महाग झाली की त्याचीच ये-जा वाढते.

स्त्रियांच्या बाबतीत परिणाम दुहेरी आहे. प्रसूती लाभ (सुधारणा) अधिनियम, २०१७ ने प्रसूती रजेनंतर परस्परसंमतीने घरून काम करण्याची तरतूद केली. लग्नानंतर नवऱ्याच्या नोकरीच्या गावी जाताना नोकरी न सोडता येणे, हा दूरस्थ कामाचा मोठा लाभ मानला जातो. दुसरीकडे, घरी असणे म्हणजे घरकामासाठी उपलब्ध असणे, असा अर्थ कुटुंबात लावला जातो आणि कामाचा दिवस लांबतो. सासरी किंवा मूळ गावी राहायला गेल्यावर शहरातील स्वातंत्र्य आणि मैत्रिणींचा आधार तुटतो. त्यामुळे ‘गावी परत जाणे’ ही निवड एकाच घरातील स्त्री-पुरुषांना सारखीच हवीशी असते असे नाही.

नोकरीत नव्याने आलेल्या तरुणांना वरिष्ठांच्या सान्निध्यात शिकण्याची गरज अधिक असते. लहान खोलीत इतरांबरोबर राहणाऱ्यांना घरून काम गैरसोयीचेही होते. त्यामुळे शहराच्या मध्यभागाकडे किंवा कार्यालयाजवळ राहण्याचा त्यांचा कल टिकून आहे.

## नियोजन आणि स्थानिक प्रशासन

दिवसा रिकामी होणारी निवासी वस्ती दिवसभर वापरात राहू लागली, की तिच्या गरजा बदलतात. पाणी, कचरा, पदपथ, पाळणाघर, वाचनालय, उद्यान आणि सामायिक कामाच्या जागा यांची मागणी वस्तीतच निर्माण होते. हिंजवडी पट्ट्यात या गरजा पुरवणारी एकच संस्था नाही. उद्यानाचे क्षेत्र औद्योगिक विकास महामंडळाकडे, हिंजवडी आणि माण ही गावे ग्रामपंचायतींकडे, महाळुंगे पुणे महानगरपालिकेकडे, वाकड पिंपरी-चिंचवड महानगरपालिकेकडे आणि प्रादेशिक नियोजन महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाकडे, अशी विभागणी आहे. हिंजवडी आणि लगतची गावे पिंपरी-चिंचवड महापालिकेत समाविष्ट करावीत, अशी मागणी त्यामुळे वारंवार होते.

मेट्रोसारख्या प्रकल्पांचे प्रवासी अंदाज रोजच्या दोन फेऱ्या गृहीत धरून केलेले असतात. संमिश्र पद्धतीत सोमवार आणि शुक्रवारची गर्दी कमी आणि आठवड्याच्या मधल्या दिवसांची गर्दी जास्त असू शकते. अशा वेळी एकूण प्रवासी घटले, तरी कमाल क्षमतेची गरज तेवढीच राहते.

## माहितीच्या मर्यादा

भारतात कामावर जाण्याचे अंतर आणि साधन यांची देशव्यापी नोंद २०११ च्या जनगणनेत घेण्यात आली. तिच्यात ‘प्रवास नाही’ असाही एक गट होता. २०२१ ची नियोजित जनगणना पुढे ढकलली गेल्याने महासाथीनंतरच्या स्थलांतराची तुलना करण्यास तोडीची आकडेवारी उपलब्ध नाही. पुढील जनगणनेसाठी १ मार्च २०२७ ही संदर्भ तारीख ठरवण्यात आली आहे. गावी राहून पुण्याच्या कार्यालयासाठी काम करणाऱ्यांचे ‘कामाचे ठिकाण’ कोणते मानायचे, हा प्रश्न अशा मोजणीत महत्त्वाचा ठरतो.

दस्तनोंदणीच्या आकडेवारीतून घर कोठे घेतले हे कळते, पण खरेदीदार तेथे राहतो की गुंतवणूक म्हणून ते रिकामे ठेवतो, हे कळत नाही. महासाथीच्या काळात कर्जदर, मुद्रांक शुल्क आणि घरून काम हे तीनही घटक एकाच वेळी बदलल्याने मागणीतील वाढीचा किती भाग कशामुळे, हे वेगळे काढणेही कठीण आहे.

## हे सुद्धा पहा

* हिंजवडी
* बालेवाडी
* मुळशी तालुका
* पुणे महानगर प्रदेश विकास प्राधिकरण
* पुणे मेट्रो
* मगरपट्टा
* विडी उद्योग
* नागरी अर्थशास्त्र